रांगेत उरलेलं एंटर

"सर, एरर एकही नाही, पण हा मला विचारतच नाही." सी भाषेच्या प्रॅक्टिकलला पहिल्या महिन्यात हे वाक्य दर वर्षी कानावर येतं. प्रोग्रॅम साधाच असतो. आधी वय विचारायचं, मग 'पुढे जायचं का?' असं विचारून वाय किंवा एन घ्यायचं. मुलगी १९ टाइप करते, एंटर मारते. दुसरा प्रश्न पडद्यावर उमटतो आणि उत्तराची वाट न बघताच प्रोग्रॅम संपतो. पुन्हा रन केलं तरी तेच. ती आधी कीबोर्डवर संशय घेते, मग कंपायलरवर आणि शेवटी स्वतःच्या डोक्यावर. हा शेवटचा संशय मला फार लागतो, कारण तिचं तर्कशास्त्र बरोबर असतं. मधे काय घडतं, ते तिला कुणी सांगितलेलं नसतं एवढंच.

कीबोर्ड थेट प्रोग्रॅमला जोडलेला आहे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दाबलेली अक्षरं आधी ऑपरेटिंग सिस्टीमकडे जमतात. एंटर दाबेपर्यंत ओळ तिच्याच ताब्यात असते. म्हणून तर बॅकस्पेसने चूक सुधारता येते आणि प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही लागत नाही. डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये सी घडवली, तेव्हा पडद्याऐवजी टेलिटाइप (कागदावर छापणारे टंकयंत्र) असायचे. त्यांपैकी 'मॉडेल ३३' सेकंदाला १० अक्षरं छापायचा. ओळ पुरी करायची आणि मग पाठवायची, ही रीत तेव्हापासूनची आहे.

आता ती ओळ जवळून पाहू. १, ९ आणि एंटर अशा तीन कळा दाबल्या, की रांगेत त्यांचे ठरलेले सांकेतिक क्रमांक, म्हणजे तीन संख्या उभ्या राहतात: ४९, ५७ आणि १०. पहिल्या दोन अंकांच्या आणि १० ही एंटरची. स्कॅनएफ म्हणजे इनपुट वाचणारं फंक्शन आणि पर्सेंट-डी म्हणजे त्याला दिलेली 'पूर्ण संख्या वाच' ही खूण. पर्सेंट-डी दिलेला स्कॅनएफ ४९ घेतो, ५७ घेतो. पुढचा १० हा अंक नाही हे दिसताच त्याला हात न लावता थांबतो. वय १९ झालं, त्याचं काम झालं. एंटर मात्र रांगेतच उभं! मग 'एक अक्षर वाच' म्हणणारा पर्सेंट-सी येतो. त्याला कुठलंही एक अक्षर चालतं, आणि समोर एक तयार आहे. प्रोग्रॅमने प्रश्न गाळलेला नसतो, त्याला उत्तर आधीच मिळालेलं असतं.

याचा पुरावा डोळ्यांनी बघता येतो. मिळालेलं अक्षर पडद्यावर छापणाऱ्या प्रिंटएफमध्ये पर्सेंट-सीऐवजी पर्सेंट-डीने छापायचं. पडद्यावर १० येतो. मी उपाय सांगण्याआधी हे करून बघायला लावतो.

उपाय एका स्पेसचा आहे. स्कॅनएफच्या अवतरणचिन्हाच्या आत, पर्सेंट-सीच्या आधी एक मोकळी जागा सोडायची. तिचा अर्थ, 'रांगेतल्या स्पेस, टॅब, एंटर सगळ्या गाळ आणि मग वाच.' हीच जागा चुकून पर्सेंट-डीच्या नंतर पडली, तर उलटा ताप होतो. कितीही एंटर मारा, प्रोग्रॅम हलत नाही, कारण गाळणं कुठे थांबवायचं हे त्याला दुसरं काही अक्षर आल्याशिवाय कळत नाही. जुन्या नोट्समध्ये रांग रिकामी करायला एफफ्लश या फंक्शनला स्टडइन (म्हणजे कीबोर्डकडून येणारं इनपुट) देण्याचा उपाय असतो. तो शिकवू नये, असं माझं ठाम मत आहे. इनपुटवर एफफ्लशने काय करावं हे सीच्या प्रमाणात, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांत, ठरलेलंच नाही. एका कंपायलरवर चालतं, दुसऱ्यावर नाही.

संख्येच्या जागी कुणी अक्षर टाइप केलं तर? पर्सेंट-डी ते घेत नाही आणि फेकतही नाही. लूपमध्ये असेल तर तेच अक्षर पुन्हा पुन्हा समोर येतं आणि पडदा धावत सुटतो. किती गोष्टी वाचल्या, तो आकडा स्कॅनएफ दर वेळी परत देतो. तो तपासायची सवय पहिल्याच आठवड्यात लागली पाहिजे. संख्येऐवजी अक्षर आलं, तर तो ० असतो.

आपल्याकडे नावाचा घोळ ठरलेला. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहिलं, की शब्द वाचणारा पर्सेंट-एस पहिल्या स्पेसला थांबतो. वडिलांचं नाव रांगेत उरतं आणि पुढच्या वयाच्या प्रश्नाला जाऊन भिडतं. अख्खी ओळ घ्यायला एफगेट्स वापरावा. त्याला जागा किती आहे ते सांगावं लागतं, म्हणून तो सुरक्षित. ओळ वाचणारा जुना गेट्स ही मर्यादा विचारत नसे. १९८८ साली इंटरनेटभर पसरलेला मॉरिस वर्म (स्वतःहून पसरणारा प्रोग्रॅम) ज्या वाटांनी घुसला, त्यांतली एक म्हणजे ५१२ बाइटच्या जागेत गेट्सने वाचणारा एक प्रोग्रॅम. २०११च्या प्रमाणात गेट्स काढूनच टाकला.

कीबोर्ड मराठी केला, की आणखी एक गोष्ट दिसते. देवनागरी ५ पर्सेंट-डीला अंक वाटत नाही. आणि यूटीएफ-८मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-वेलांटीसुद्धा. लिनक्सच्या टर्मिनलवर एकाने एफगेट्सला 'मराठी' हा शब्द दिला आणि स्ट्रलेन या फंक्शनने बाइटमध्ये लांबी मोजली. म, र, काना, ठ, वेलांटी, म्हणजे पाच त्रिक पंधरा. उत्तर आलं १६. तो माझ्याकडे वळला, मग थांबला आणि स्वतःच म्हणाला, "सर, एंटर."