सकाळी साडेअठरा, दुपारी सतरा

फेब्रुवारीत निफाडकडच्या एका द्राक्षबागेत होतो. सकाळी सातला, पारा 12 अंशांवर असताना, मालकांनी ब्रिक्स मीटरच्या (रसातली साखर मोजायच्या यंत्राच्या) काचेवर मणी पिळला. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सीमा साडेअठरावर. दुपारी व्यापारी आला. तीच ओळ, तेच मीटर, पारा 32 वर आणि आकडा सतरा! "साखर भरली नाही दादा, आठ दिवस थांबू," म्हणत त्याने गाडीला किक मारली. भाव पाडायचे धंदे, असं मालकांचं म्हणणं. माझ्या मते दोघांनीही खरंच वाचलं होतं. साखर सकाळ-दुपार अठराच्या आसपासच होती.

हे यंत्र साखर चाखत नाही, प्रकाश किती वाकतो तेवढंच बघतं. 20 अंशांच्या शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचं माप, 1.3330. दर 100 ग्रॅम द्रावणात 1 ग्रॅम साखर, म्हणजे 1 ब्रिक्स, वाढली की तो साधारण 0.0014 ते 0.0015 ने चढतो. तेच पाणी 30 अंशांपर्यंत तापलं की लिटरमागे अडीच मिलिलिटर फुगतं. रेणू विरळ झाले, प्रकाशाला अडवणारे इलेक्ट्रॉन तेवढ्याच जागेत कमी उरले, आणि अपवर्तनांक 1.3319 वर आला. साखरेला हात न लावता पाऊण ब्रिक्स गायब!

डेन्मार्कचे लोरेन्झ आणि हॉलंडचे लोरेन्ट्झ (नावांचा योगायोग बघा) यांनी एकोणिसाव्या शतकात स्वतंत्रपणे हे सूत्रात बांधलं. अपवर्तनांकाचा वर्ग घ्या. त्या वर्गातून 1 वजा केलेली संख्या त्याच वर्गात 2 मिळवलेल्या संख्येने भागा. येणारं उत्तर घनतेच्या प्रमाणात बदलतं. पाणी मात्र थोडं हट्टी आहे. सूत्राने 20 ते 30 अंशांत घट 0.0009 येते, प्रत्यक्षात ती 0.0011 च्या जवळ आहे, कारण तापल्यावर रेणूंचे एकमेकांशी असलेले बंधही बदलतात. हे डोक्यावरून गेलं तरी चालेल. मला मात्र त्या चिमुकल्या फरकाचंच जास्त कौतुक आहे.

म्हणून 20 अंशांवर आखलेल्या मीटरचं वाचन उन्हात कमी भरतं, त्यात मिळवायचं असतं. थंडीत वजा करायचं. 'एटीसी' (आपोआप तापमान-दुरुस्ती) लिहिलेल्या मीटरमध्ये दोन धातूंची पट्टी तापमानानुसार वाकते आणि आतली रचना सरकवते, पण बहुतेकदा 10 ते 30 अंशांपुरतीच. मालकांचं मीटर साधं होतं.

याच फरकावर काहींचं दुकान चालतं. आदल्या दुपारी मोजायचं, संध्याकाळी पुडीतलं 'शुगर बूस्टर' फवारायचं, पहाटे पुन्हा मोजून दाखवायचं. रात्रीत दीड ब्रिक्स वाढ! नुसतं पाणी फवारलं असतं तरी आकडा असाच चढला असता.

उपाय फुकटात होतो. साध्या मीटरवर 30 अंशांना शून्य ब्रिक्सपाशी सुमारे 0.74 चूक पडते, 20 ब्रिक्सपाशी 0.8. म्हणजे जवळपास सारखीच. तेव्हा मोजायच्या जागीच डिस्टिल्ड वॉटरने शून्य लावलं की बहुतेक चूक तिथेच फिटते. त्यानंतर तापमान-दुरुस्तीच्या तक्त्यातली पूर्ण दुरुस्ती पुन्हा मिळवायची नाही. ही दुहेरी चूक मी प्रयोगशाळेतही पाहिली आहे.

मालकांनी बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली आणली. थेंब टाकून अर्धा मिनिट थांबलो, सीमा शून्याच्या खाली होती. स्क्रू फिरवून ती शून्यावर आणली, काच पुसली, मणी पिळला. अठराला जेमतेम कमी. व्यापाऱ्याची गाडी तोवर पिंपळगावच्या रस्त्याला लागली होती.