विणेकरी

विणेकरी : वारकरी संप्रदायातील दिंडी, भजन, कीर्तन व अखंड हरिनाम सप्ताह यांत गळ्यात वीणा घालून उभा राहणारा आणि भजनाची पहिली ओळ उचलणारा वारकरी. दिंडीचे नेतृत्व त्याच्याकडे असते, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. हे विधान खरे असले तरी त्याला बऱ्याच अटी आहेत. दिंडीचा मालक किंवा चालक निराळा असू शकतो, मार्गक्रमणाची शिस्त चोपदार सांभाळतो, चाली गायक लावतात. विणेकऱ्याकडे यांपैकी काहीच नसते, तरी भजन त्याच्यावाचून सुरू होत नाही आणि येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याच पाया पडतो. प्रस्तुत नोंदीत या पदाचा विचार मुख्यतः मराठवाड्यातील प्रघाताच्या आधारे केला आहे.

शब्दविचार : संस्कृतात व ग्रांथिक मराठीत ‘वीणा’ स्त्रीलिंगी आहे (ती वीणा, वीणेचा). संप्रदायात मात्र तो सर्रास पुल्लिंगी चालतो : ‘वीणा घेतला’, ‘विण्याच्या पाया पडा’, ‘विण्याला हार घाला’. ‘विणेकरी’ या रूपावरून मूळ लिंगाचा निर्णय होत नाही. कारण ‘पहारा’ या पुल्लिंगी शब्दापासून पहारेकरी होतो आणि ‘भिक्षा’ या स्त्रीलिंगी शब्दापासून भिक्षेकरीही होतो. दोन्हीकडे प्रत्ययाआधी एकारच दिसतो. प्रमाणलेखनाच्या आग्रहापोटी काही पत्रिकांवर ‘वीणापूजन’ छापलेले असते, पण तीच पत्रिका वाचून दाखवणारा माणूस ‘विण्याची पूजा’ असेच म्हणतो. पुढे संप्रदायातील पुल्लिंगी वापरच ठेवला आहे.

या शब्दाइतकाच ‘दिंडी’ हा शब्दही येथे महत्त्वाचा आहे. त्याच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. पंढरपूरच्या माहात्म्यकथांत दिंडीरवनाचा उल्लेख येतो. रुसून आलेली रुक्मिणी तेथे थांबली व तिला शोधत देव आला, अशी ती कथा. या वनाकडे चालणारा समूह ती दिंडी, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मोठ्या दरवाजातील लहान दारालाही दिंडी म्हणतात. वाड्यांचे व किल्ल्यांचे दिंडीदरवाजे प्रसिद्ध आहेत. तिसरा अर्थ छंदशास्त्रातला : प्रत्येक चरणात 19 मात्रा व नवव्या मात्रेवर यती (विराम) असलेले दिंडी वृत्त. चौथा अर्थ तंतुवाद्याचा, म्हणजे एका प्रकारच्या विण्याचा. संतांच्या अभंगांत टाळ आणि दिंडी हे शब्द जोडीने येतात, तेथे हाच अर्थ घेतला तर ओळ सरळ लागते. वनाची कथा रम्य आहे, पण ती नावावरून रचली गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. वाद्यवाचक अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. तो स्वीकारल्यास आधी दिंडी हे वाद्य, मग ते वाद्य घेऊन चालणारा मेळा म्हणजे दिंडी, असा अर्थविस्तार मानावा लागतो, आणि विणेकरी हा दिंडीचा एक घटक न राहता तिच्या नावाचेच कारण ठरतो. ‘दिंडी’ व ‘दांडी’ यांची सांगड घालण्याचा मोह होतो, परंतु निव्वळ ध्वनिसाम्यावर इतका भार टाकणे बरे नव्हे.

वाद्य : वारकऱ्यांचा वीणा हा नावाने वीणा असला तरी जातीने तंबोऱ्याच्या जवळचा आहे. रुद्रवीणा किंवा सरस्वतीवीणा यांच्याशी त्याचे साम्य नावापुरतेच. कडू भोपळा, त्यावर लाकडी तबली, वर गेलेली दांडी, घोडी, मणी आणि खुंट्या अशी त्याची रचना असते. तारा बहुधा चार. त्या दाबून स्वर काढायचे नसतात, उजव्या हाताच्या बोटाने मोकळ्याच छेडायच्या असतात. वाद्य गाण्याला आधारस्वर देते, स्वतः गात नाही. तंतुवाद्यांचे मोठे केंद्र मिरज असून त्यांसाठी लागणारा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागात होतो. मराठवाड्यातील मंडळे वीणा पुष्कळदा पंढरपुरातूनच वारीच्या वेळी घेतात. पट्ट्याने किंवा उपरण्याने तो गळ्यात अडकवतात; भोपळा कुशीशी, दांडी खांद्यावरून वर. दिंडीत सर्वांत मोठा आवाज पखवाजाचा, त्याखालोखाल टाळांचा. विण्याचा आवाज त्या कल्लोळात दहा पावलांवरही पोचत नाही.

दिंडीतील स्थान : सर्वांत पुढे पताकाधारी, त्यांच्यामागे टाळकऱ्यांच्या रांगा, रांगांच्या मध्ये पखवाजी, रांगांच्या शेवटी मधोमध विणेकरी आणि त्याच्यामागे तुळशीवृंदावन व पाण्याची घागर डोक्यावर घेतलेल्या स्त्रिया, असा दिंडीचा सामान्य क्रम आहे. पुढारी पुढे चालतो या समजुतीला हा क्रम धरून नाही. मागे असल्यामुळे विणेकऱ्याला सगळी रांग दिसते. कोणाचा टाळ मागे पडतो, कोण लंगडतो, पखवाज्याला विसावा हवा का, हे त्याच्या नजरेत राहते, आणि दिंडीची चाल त्याच्या पावलापेक्षा जास्त होऊ शकत नाही.

कोणता अभंग कधी म्हणायचा हेही तो ठरवत नाही. पहाटे काकडा, मग भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगुळे, गौळणी, त्या त्या वाराचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ हा क्रम ठरलेला आहे. विणेकऱ्याने तो पाठ ठेवायचा व वेळेवर उचलायचा. ‘जय जय राम कृष्ण हरी’ने सुरुवात करून त्याने चरण उचलला की टाळकरी तो झेलतात. नव्या विणेकऱ्याची परीक्षा आवाजाने फारशी होत नाही. अंगावर पावसाची सर आलेली असताना आणि पुढच्या मुक्कामाला अजून दोन कोस असताना त्याला पुढचा अभंग आठवतो का, यावर ती होते.

पदाचा उगम : सांप्रदायिक धारणेनुसार कीर्तनाची गादी नारदाची आणि वीणाही नारदाचा. त्यामुळे विण्याला केलेला नमस्कार धारण करणाऱ्या व्यक्तीला पोचत नाही, असे मानले जाते. ऐतिहासिक दृष्ट्या स्वतंत्र पद म्हणून विणेकरी केव्हा स्थिरावला, हे ठरवताना दिंडीची व फडाची (एका महाराजांच्या परंपरेतील वारकऱ्यांच्या समूहाची) संघटना लक्षात घ्यावी लागते. तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस, बहुधा 1685 च्या सुमारास, पालखीची प्रथा सुरू केली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा आखला. हैबतबाबा शिंद्यांच्या पदरी होते, आणि दिंड्यांचे क्रम, तळ, चोपदार ही घडी लष्करी शिस्तीवरून बसली असे सांगतात. वाद्य म्हणून वीणा नामदेवकाळाइतका जुना असू शकेल; पण ठरलेल्या जागी उभा राहणारा आणि ठरलेले अभंग उचलणारा विणेकरी हा या नंतरच्या व्यवस्थेतून स्पष्ट झाला असावा, हे मत अधिक सयुक्तिक दिसते. संतकथांत कीर्तन करणारा आणि वीणा वाजवणारा असे दोन निराळे इसम सहसा आढळत नाहीत.

शिस्त विणेकऱ्याकडे नसून चोपदाराकडे असते, याचा दाखला म्हणून पालखी सोहळ्यातील एका प्रथेचा येथे उल्लेख करावयास हवा. आळंदीच्या सोहळ्यात मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप (हातातील दंड) उंच केला की शेकडो टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, निवाडा होतो आणि मगच आरती होते.

मराठवाड्यातील परंपरा : नामदेवांचे जन्मस्थान म्हणून हिंगोली जिल्ह्यातील नरसी मानले जाते, पंढरपूर तसेच कराडजवळील नरसिंगपूर यांचाही दावा आहे. गंगाखेड (परभणी) जनाबाईंचे, तेर (धाराशिव) गोरोबा कुंभारांचे, आपेगाव ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे, पैठण एकनाथांचे. अग्रणीपणाच्या ज्या कथा विणेकऱ्यांच्या तोंडी असतात त्या बहुतेक याच पट्ट्यातल्या. गोरोबांनी थापटण्याने (मडकी ठोकण्याच्या साधनाने) संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरवले. नामदेव रागावले, पण पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे गेले. त्याच औंढ्याला देवळासमोर कीर्तनाला मज्जाव झाला तेव्हा ते मुकाट्याने मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि देऊळच फिरले, अशी आख्यायिका आहे. विणेकऱ्याची मागची जागा आणि ही कथा यांचा संबंध कोणी उघडपणे जोडत नाही. तरी वीणा घेणाऱ्या पोराला म्हातारी माणसे हीच कथा सांगतात, एवढे खरे.

एकनाथांची (1533–1599) पालखी पैठणहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते आणि रायमोह, पाटोदा, खर्डा, परांडा, कुर्डू, अरण, करकंब या मार्गाने पंढरपूरला जाते. देहू-आळंदीच्या सोहळ्यांच्या मानाने हा मार्ग आडवळणी आणि कोरडवाहू मुलखातून जाणारा. पेरणी उरकली तर दिंडी भरते, मृग कोरडा गेला तर टाळकरी कमी होतात. चार टाळकरी उरले तरी विणेकरी हवाच.

सप्ताहातील वीणा : या भागात विणेकरीपणाचा खरा विस्तार दिंडीपेक्षा सप्ताहात दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास गोदावरीतील सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांनी सुरू केलेला सप्ताह आमटी-भाकरीसाठी आजही प्रसिद्ध आहे. विष्णुबुवा जोग यांनी 1917 मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. त्यांच्या शिष्यांपैकी बंकटस्वामी बीड भागातले. या शिक्षणाचा प्रसार पुढे गावोगाव झाला. भगवानगडाचे भगवानबाबा (1896–1965) यांचे कार्य त्याच प्रवाहातले. नारायणगड, भगवानगड, गहिनीनाथगड या गडांच्या (मठांच्या) फिरत्या सप्ताहांना नारळी सप्ताह म्हणतात, कारण काल्याच्या (समारोपाच्या) दिवशी पुढील वर्षीच्या गावाला नारळ दिला जातो.

सप्ताह बसतो तो कलश, ग्रंथ व वीणा यांच्या पूजनाने. त्यानंतर काल्यापर्यंत वीणा जमिनीला टेकत नाही. सात दिवसांचे तास 168. दोन-दोन तासांचे पहारे धरले तर वीणा 84 जणांच्या गळ्यात जातो. पहाऱ्यांचा कागद मारुतीच्या देवळाच्या भिंतीला डकवलेला असतो. दिवसाचे पहारे वयस्करांना, रात्री बारा ते चारचे तरण्या पोरांना, आणि ऐन दुपारचे ज्याला रानातून येणे जमेल त्याला.

पहारा बदलण्याचा विधी असा : येणारा हातपाय धुऊन, गंध लावून समोर येतो. विण्याला आणि उभ्या विणेकऱ्याच्या पायाला डोके लावतो. उभा असलेला पट्टा आपल्या मानेतून काढून त्याच्या मानेत घालतो. मग जो आत्ता नमस्कार घेत होता तोच खाली वाकतो आणि नव्या विणेकऱ्याच्या पायाला हात लावतो. टाळ चालूच असतात. पहाटे तीनला हे पाहणारे चारच जण असतात, त्यांतला एक भिंतीला टेकून पेंगत असतो. सोळा वर्षांच्या पोराने पहारा घेतला असेल तर काकड्याला आलेला सरपंच, पोराचा मास्तर आणि त्याचा बापही त्याच्या पाया पडतात. पोरगे दर वेळी अवघडते. हात आपोआप वर उचलला जातो, पण तार सोडायची नाही म्हणून तो पुन्हा विण्यावर येतो.

पात्रता व मर्यादा : गळ्यात तुळशीची माळ, वारीचा नेम, मांस-मद्य वर्ज्य आणि पाठ अभंग या अपेक्षा सर्वत्र आहेत. जातीची अट तत्त्वतः नाही. व्यवहारात गावोगावचा इतिहास सारखा नाही. दिंडीचा कायम विणेकरी बहुधा जुन्या वारकऱ्यांच्या संमतीने ठरतो, काही फडांत तो मान वंशपरंपरेने चालतो. पद वारशाने आले की ‘वीणा आमच्या घरचा’ अशी भाषा येते आणि भांडणे तिथूनच सुरू होतात. सप्ताहाच्या पहाऱ्यात ही भाषा शक्य नसते, कारण दोन तासांनी वीणा दुसऱ्याचा असतो. या दृष्टीने पाहता पदाचे मूळ स्वरूप मोठ्या फडांपेक्षा गावच्या सप्ताहात अधिक शाबूत राहिले आहे. विणेकऱ्याला वेतन नसते. कीर्तनकाराला बिदागी मिळते, पखवाजी-गायकांनाही मिळते, विणेकऱ्याला नारळ आणि फार तर उपरणे. महिला भजनी मंडळांत वीणा स्त्रियांच्या गळ्यात असतो. मिश्र दिंडीत तो बहुधा पुरुषाकडेच राहतो.

अलीकडील बदल : मोठ्या सप्ताहांत आता ध्वनिक्षेपक असतात आणि श्रुतीसाठी इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावलेला असतो. गायक स्वर त्याच्यावरून घेतात. विण्यासमोर माइक बहुधा ठेवत नाहीत, त्यामुळे मांडवात त्याचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही. काही ठिकाणी तारा सैल पडलेल्या असतात आणि त्या स्वरात लावण्याची तसदीही कोणी घेत नाही. पहारे मात्र कागदावर लिहिलेल्या वेळेलाच बदलतात. रात्री दोनला गडी आला नाही तर आधीचा विणेकरी तसाच उभा राहतो आणि कोणी तरी टॉर्च घेऊन त्या घरची कडी वाजवायला जातो.