नेटवर्क ट्रॅफिक मॉनिटर, पार्श्वसेवा म्हणून

संगणकातून जाणारा-येणारा डेटा मोजणारा प्रोग्रॅम यंत्र चालू होताच, कोणी लॉगिन करण्याआधीच, पडद्यामागे सुरू करण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील झेरॉक्स-ऑनलाइन फॉर्मच्या दुकानांना तिचे मोल पावसाळ्यात कळते. लाईट गेली, यूपीएसही संपला, तर पुन्हा यंत्र चालू झाल्यावर मॉनिटर हाताने लावायची आठवण राहत नाही आणि त्या दिवसाचा हिशोब बुडतो.

या पद्धतीचा उगम दोन ठिकाणी शोधला जातो : लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील टीसीपीडंप हा प्रोग्रॅम (१९८८) आणि एसएनएमपी (नेटवर्कवरील उपकरणांची माहिती विचारण्याची ठरलेली पद्धत) वापरून त्यांचे गणक, म्हणजे गेलेल्या-आलेल्या डेटाचे चालू आकडे, वाचून आलेख काढणारे एमआरटीजी (साधारण १९९४-९५). पहिले प्रत्येक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) पकडते, दुसरे फक्त आकडा वाचते. अखंड चालणाऱ्या मापनाचे नाते दुसऱ्याशी अधिक जुळते.

व्हीएनस्टॅट हे लिनक्सवरचे मापनसाधन त्याच वळणाचे. ते लिनक्स कर्नेलचे (प्रणालीच्या गाभ्याचे) गणक वाचते. पॅकेट उघडत नाही, म्हणून जुन्या यंत्रावरही भार पडत नाही. यंत्र बंद होताच हे गणक शून्यावर येतात. मूळ मांडणीत गणक दर २० सेकंदांनी वाचले जातात, पण डिस्कवर नोंद दर ५ मिनिटांनी होते; अचानक लाईट गेल्यास तेवढ्या वेळची नोंद जाऊ शकते. यूपीएसने यंत्र रीतसर बंद करवले तर तीही वाचते. एकदा इंटरफेसची (नेटवर्कला जोडणाऱ्या मार्गांची) यादी तयार झाली की नंतर लावलेला डोंगल आपण होऊन मोजला जात नाही, तो जोडून घ्यावा लागतो. ब्रॉडबँड बंद पडल्यावर डोंगलवर काम चालवणाऱ्यांनी हे आधीच करून ठेवलेले बरे. दुकानाच्या वाय-फायवर गिऱ्हाइकांनी वापरलेला डेटा या मोजणीत येत नाही. तो राउटरवरच पाहावा.

लिनक्समध्ये यंत्र चालू होताना पार्श्वसेवा सुरू करणारे सिस्टमडी (२०१०) हे डेबियन ८ व उबुंटू १५.०४ (दोन्ही २०१५) या लिनक्स आवृत्त्यांत मूळ व्यवस्था झाले. त्यात ‘स्टार्ट’ने सेवा तेवढ्यापुरती चालते, पुढच्या प्रत्येक आरंभासाठी ‘एनेबल’ हवे. ही गफलत फार होते, कारण पुढचा रीबूट होईपर्यंत सगळे ठीकच दिसते.

विंडोजमध्ये सेवेचा ‘स्टार्टअप टाइप’ ऑटोमॅटिक ठेवतात. स्टार्टअप फोल्डरमधील शॉर्टकट लॉगिननंतर चालतो, त्यामुळे तो येथे धरलेला नाही.