जालकीय हवामान विदेतून प्रादेशिक उपसंच काढणे

पर्जन्य, तापमान इ. घटकांच्या जालकरूप (अक्षांश-रेखांशांच्या जाळीतील ठराविक बिंदूंवर मूल्ये दिलेल्या) विदेच्या (डेटा) संचिकेतून (फाइल) एखाद्या जिल्ह्यापुरत्या वा खोऱ्यापुरत्या नोंदी आज्ञावलीने वेगळ्या करण्याची कृती. बोलण्यात हिला ‘ग्रिड कापणे’ म्हणतात. अक्षांश-रेखांशांच्या चार मर्यादा देऊन चौकट कापणे हे पायथन या आज्ञावली-भाषेतील एक्सअरे हा संग्रह (लायब्ररी) किंवा हँबर्ग येथील माक्स प्लांक संस्थेच्या सीडीओ या साधनाने एका ओळीचे काम असल्याने येथे त्याचा विस्तार केलेला नाही. कापलेली चौकट म्हणजे तो प्रदेश नव्हे. खरी अडचण तेथून सुरू होते.

अशा संचिकांचे तीन प्रकार आढळतात. पहिला प्रकार जागतिक हवामानशास्त्र संघटनेचा ग्रिब; त्याचा उगम सामान्यतः १९८५ च्या सुमाराचा मानतात. नेटसीडीएफ हा दुसरा प्रकार अमेरिकेतील युनिडाटा या संस्थेने १९८०–९० च्या दशकाच्या अखेरीस घडविला. त्याचे मूळ नासाच्या सीडीएफ या रचनेत असले, तरी पुढे दोहोंच्या वाटा वेगळ्या झाल्या. त्यामुळे नेटसीडीएफला सीडीएफची आवृत्ती म्हणण्यापेक्षा तिच्यापासून फुटलेली स्वतंत्र शाखा म्हणणे अधिक युक्त. तिसरा प्रकार साध्या द्विमान (बायनरी) संचिकेचा. तीत आकड्यांखेरीज काहीच नसते. आकडे कोणत्या क्रमाने रचले आहेत, हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असावे लागते.

भारतीय हवामानशास्त्र विभागाची १९०१ पासूनची दैनिक पर्जन्यविदा या तिसऱ्या प्रकारातही मिळते. तिची जाळी ०.२५ अंशाची असून ती ६.५ ते ३८.५ उत्तर आणि ६६.५ ते १०० पूर्व एवढ्या पट्ट्यावर पसरली आहे. रेखांशाचे १३५ व अक्षांशाचे १२९ मिळून १७,४१५ बिंदू होतात. प्रत्येक आकडा चार बाइटांचा, म्हणून साध्या वर्षाची संचिका बरोबर २,५४,२५,९०० बाइटांची भरते. लीप वर्षात ६९,६६० बाइट वाढतात. वाचण्यापूर्वी हा आकार ताडून पाहावा. रचना दक्षिणेकडून उत्तरेकडे असून प्रत्येक ओळ पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. १२९ व १३५ यांची अदलाबदल झाली, तरी गुणाकार तोच राहत असल्याने नमपाय हा पायथनमधील गणनसंग्रह तक्रार करीत नाही, आणि साताऱ्याच्या नावाखाली भलत्याच मुलखाचा पाऊस हाती येतो. नोंद नसलेल्या जागी –९९९ असते. सातारा जमिनीने वेढलेला असल्याने तेथे हा आकडा सहसा आड येत नाही. तीच आज्ञावली कोकणपट्टीवर चालविली की समुद्रावरील बिंदूंच्या –९९९ मुळे सरासरी उणे येते.

सातारा जिल्ह्यासाठी सु. १७.०८ ते १८.१८ उत्तर व ७३.५५ ते ७४.९ पूर्व अशी चौकट घेतल्यास २० बिंदू मिळतात. शून्यापासून मोजल्यास अक्षांशाचे क्रमांक ४३ ते ४६ व रेखांशाचे २९ ते ३३. या अक्षांशावर जाळीचे एक घर (एका बिंदूभोवतीचा चौकोन) सु. ७३५ चौ.किमी.चे असते. जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,४८० चौ.किमी., म्हणजे जेमतेम १४ घरांचे. उरलेली सहा घरे शेजाऱ्यांची. १७.२५ उत्तर, ७४.५ पूर्व हा बिंदू विट्याजवळ, म्हणजे सांगली जिल्ह्यात पडतो, तर ईशान्य कोपऱ्यातला सोलापूर जिल्ह्यातील नातेपुत्याच्या बाजूला. हा भाग कोरडा असल्याने नुसत्या चौकटीची सरासरी साताऱ्याचा पाऊस कमी दाखविते.

सीमेवरच्या घरांबाबत तीन पद्धती आहेत. बिंदू हद्दीत असेल तरच घर घेणे, हद्द शिवत असलेले प्रत्येक घर घेणे, किंवा घराचा जेवढा भाग हद्दीत तेवढेच त्याला वजन देणे. पहिली सर्वांत प्रचलित आहे. जिल्हा लहान असल्यास तिसरी अधिक निर्धोक दिसते. विभागाची विदा पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून बिंदूवर अंतर्वेशित केलेली (भोवतालच्या नोंदींवरून मधले मूल्य काढलेली) असल्याने तिला घराची सरासरी मानून वजन द्यावे का, असा आक्षेप काही जण घेतात. तो तत्त्वतः बरोबर आहे. व्यवहारात मात्र बिंदूभोवतीचे घर गृहीत धरल्यावाचून क्षेत्रीय सरासरी निघत नाही.

घराच्या आत काय होते, ते महाबळेश्वरवरून कळते. १८.० उत्तर, ७३.७५ पूर्व या एकाच घरात महाबळेश्वर व पाचगणी ही दोन्ही गावे येतात. पहिल्याचा वार्षिक पाऊस पाच हजार मिमी.हून अधिक, तर दुसऱ्याचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. (मराठी विश्वकोशाचे गाव वाई या घराच्या पूर्व कडेच्या जेमतेम बाहेर राहते.) कोयना धरणाचे पाणलोट क्षेत्र सु. ८९२ चौ.किमी. आहे. क्षेत्रफळाने ते सव्वा घर भरते. पण खोरे उत्तर-दक्षिण व चिंचोळे असल्याने अनेक घरांच्या चिरफळ्या घ्याव्या लागतात, आणि तेथे पहिली पद्धत साफ कोलमडते.

मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाच्या युरोपीय केंद्राच्या ईआरए५ या पुनर्विश्लेषणात (जुन्या निरीक्षणांना संगणकीय प्रारूपाची जोड देऊन तयार केलेल्या जालकीय विदेत) अक्षांश उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरतात. त्यामुळे एक्सअरेत लहान अक्षांश आधी दिल्यास काहीही चूक न दाखविता रिकामा संच परत येतो. वेळही वेगळी धरलेली असते. विभागाचा १५ जुलैचा पाऊस म्हणजे १४ च्या सकाळी साडेआठपासून १५ च्या साडेआठपर्यंतचा. ईआरए५ चे तास ग्रीनिचप्रमाणे मोजलेले असल्याने तुलनेपूर्वी दिवस नव्याने जुळवावा लागतो.

तापमानाची विदा १९५१ पासूनची व एक अंशाच्या जाळीची आहे. वरील चौकटीत तिचा एकच बिंदू, १७.५ उत्तर, ७४.५ पूर्व, खटाव तालुक्यातील मायणीच्या आसपास पडतो.