टिग आर्क-प्रारंभ, पाइप जोडकामातील

टंगस्टनचे न वितळणारे अग्र आणि पाइप यांच्यामधल्या निष्क्रिय वायूत आर्क (प्रज्योत) पेटवण्याच्या पद्धती. टिग (टंगस्टन इनर्ट गॅस वेल्डिंग) जोडकामाला सोलापूरच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये सरसकट ‘आर्गन’ म्हणतात. पद्धती मुख्यतः तीन : घासून, टेकवून उचलून आणि उच्च वारंवारतेच्या ठिणगीने.

आर्कचा शोध कोणाचा, हा वाद जुना आहे. इंग्रजी ग्रंथ श्रेय हम्फ्री डेव्ही यांना देतात, तर रशियन ग्रंथ व्हॅसिली पेत्रोव यांना. पेत्रोव यांचे प्रयोग १८०२ मधले असून त्यांचे वर्णन १८०३ मध्ये प्रसिद्ध झाले. डेव्ही यांनी कोळशाच्या टोकांमधली ठिणगी १८०० च्या सुमारास पाहिली होती. त्यांची मोठी प्रात्यक्षिके मात्र साधारणपणे १८०८ ते १८१० या काळातली मानतात. क्षणिक ठिणगी आणि टिकून राहणारा आर्क यांत फरक केला, तर पेत्रोव यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. दोघांच्या काळची रीत मात्र एकच, दोन टोके टेकवायची आणि हळूच दूर न्यायची. पाइपवरचा आजचा वेल्डर तेच करतो.

टिगच्या जन्मवर्षाबद्दलही एकमत नाही. ऑक्सिडीकरण न करणाऱ्या वायूत जोडकाम करण्याची कल्पना सी. एल. कॉफिन यांच्याकडे, १८९० च्या सुमाराला नेली जाते. हेलियम व आर्गन वापरण्याबाबतचे हॉबर्ट आणि डेव्हर्स यांचे काम १९२० नंतरच्या दशकातले. नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी १९४१ मध्ये मॅग्नेशियम जोडण्यासाठी टंगस्टन व हेलियम वापरले आणि १९४२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. ‘हेलिआर्क’ हे जुने नाव त्या हेलियमवरून पडले. कारखान्यात वापरता येईल अशी पद्धत म्हणून १९४१ हेच वर्ष धरणे सयुक्तिक होय.

थंड आर्गन विद्युतरोधक असतो. त्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे १५.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. यंत्राचा खुल्या मंडलातला, म्हणजे आर्क नसतानाचा विद्युतदाब बहुधा ६० ते ८० व्होल्ट असतो आणि तेवढ्याने दोन मिलिमीटरचे अंतरही ओलांडले जात नाही. एकदा आर्क पेटला, की तो १० ते १५ व्होल्टवर टिकतो. म्हणून सुरुवातीला एक तर स्पर्श हवा, नाहीतर काही हजार व्होल्टची ठिणगी.

घासून पेटवण्यासाठी साधा डीसी रेक्टिफायर (एकदिश प्रवाह देणारे यंत्र) आणि हाताने वायू सोडण्याची टॉर्च (टंगस्टन धरणारी मूठ) पुरते. काडी ओढावी तसे टोक ओझरते घासायचे. हात रेंगाळला की टंगस्टन चिकटते, टोक मोडते आणि कण जोडात राहतो. टंगस्टन पोलादापेक्षा खूप घन असल्याने तो कण क्ष-किरण फिल्मवर पांढऱ्या ठिपक्यासारखा उमटतो. अशा यंत्रावर प्रवाह हळूहळू उतरवता येत नाही. आर्क तोडला की शेवटी खळगा राहतो आणि तिथे तडा जाऊ शकतो. म्हणून जाणकार वेल्डर आर्क बेव्हलच्या (पाइपच्या तिरक्या कापलेल्या कडेच्या) भिंतीवर चढवून मगच तोडतो.

टेकवून उचलण्याच्या पद्धतीत यंत्र स्पर्शाच्या वेळी प्रवाह अगदी कमी ठेवते. टोक उचलताच विद्युतदाब वाढलेला यंत्राला कळतो आणि मगच ठरवलेला प्रवाह सुरू होतो. टोक फारसे खराब होत नाही. उच्च वारंवारतेत स्पर्शच नसतो, त्यामुळे टंगस्टन सर्वांत स्वच्छ राहते. पण लांब केबलमधून ती शक्ती झिरपून जाते आणि आसपासच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांत व्यत्यय येतो. चालू प्लांटमधल्या पाइपसाठी टेकवून उचलणेच अधिक सोयीचे ठरते.

पाइपवर पद्धतीपेक्षा जागा महत्त्वाची. आर्क दोन पाइपांच्या बेव्हलमधल्या खाचेच्या आतच पेटवावा, कारण तिथला डाग पुढच्या थरात वितळून जातो. बाहेर पाइपच्या अंगावर आर्क लागला, तर तेवढा ठिपका वितळून क्षणात गार होतो आणि कडक बनतो. क्रोम-मॉलिब्डेनम पोलादात, विशेषतः पी-९१ या प्रकारात, तडा तिथूनच सुरू होण्याचा धोका असतो. असा डाग घासून काढून तड्यात शिरणाऱ्या रंगीत द्रवाने तपासावा लागतो.

आडव्या पाइपवर काम ‘सहा वाजता’, म्हणजे अगदी तळाशी सुरू होते. वेल्डर खाली झुकून टॉर्चचा सिरॅमिक कप खाचेच्या दोन्ही कडांवर टेकवतो, तेव्हा टोक अजून अधांतरी असते. आधी वायू सोडून खाचेतली हवा हटवली जाते. मग मनगट किंचित कलते, टोक बेव्हलला लागते आणि मनगट लगेच परत फिरते. या हालचालीत कप जागचा हलत नाही. पुन्हा सुरुवात करताना आर्क आधीच्या थरावर सुमारे १० मिलिमीटर मागे पेटवून खळग्यावर आणतात. आर्क तुटल्यावरही टॉर्च लगेच उचलत नाहीत. दर १० अँपिअरला सुमारे एक सेकंद वायू चालू ठेवावा, असा ढोबळ संकेत आहे.

सोलापूर जिल्ह्यात या कामाला साखर कारखान्यांमुळे हंगाम असतो. गाळप संपले की उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बॉयलरच्या नळ्या बदलतात. बाष्पक विनियमांनुसार प्रमाणित वेल्डरच लागतो. फताटेवाडीच्या औष्णिक वीजकेंद्रात प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन संच आहेत. उंच सांगाड्यावर खरी अडचण वाऱ्याची असते. ताशी आठ-दहा किलोमीटरचा वाराही आर्गनचे आवरण उडवून लावतो. मग आर्क पेटतो, पण जोड सच्छिद्र होतो. म्हणून आधी ताडपत्री बांधतात आणि मगच टॉर्च हातात घेतात.