आधी घर, मग बाकीचे

ठाणे स्थानकाबाहेर सॅटिस पुलाच्या आडोशाला झोपलेल्या माणसाला मध्यरात्री उठवून लावले, तर तो शहरातून नाहीसा होत नाही; फार तर मासुंदा तलावाच्या काठापर्यंत सरकतो. जाते ती त्याची झोप. झोप रोज अशी तुटत राहिली की लक्ष, स्मृती आणि रागावरचा ताबा ढासळतो, मनोविकार असल्यास तो उफाळण्याचा धोकाही वाढतो. म्हणजे ज्याने सुधारावे अशी आपली अपेक्षा असते, त्याची सुधारण्याची ताकदच आपण काढून घेतो.

कायद्याचे वळण मात्र जुनेच आहे. मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, 1959 नुसार, उपजीविकेचे साधन दिसत नसताना सार्वजनिक जागी अशा रीतीने भटकणे की भीक मागूनच पोट भरत असावे असे वाटावे, हेही भीक मागण्यातच मोडते, आणि पहिल्या खेपेलाच 1 ते 3 वर्षे डांबून ठेवण्याची तरतूद त्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 मध्ये त्यातील बरीच कलमे घटनाबाह्य ठरवली, पण ती दिल्लीपुरती.

‘आधी व्यसन सोडा, औषधे नियमित घ्या, मग घर मिळेल’ हा क्रम सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये उलटा केला: आधी घर, उपचार माणसाच्या मर्जीने. या कल्पनेची कसून परीक्षा झाली ती कॅनडात. तेथे 2009 ते 2013 या काळात पाच शहरांतील, मनोविकार असलेल्या 2000 हून अधिक बेघरांची, जणू चिठ्ठ्या टाकून, दोन गटांत विभागणी केली गेली. अखेरच्या सहा महिन्यांत सलग घरात राहिलेल्यांचे प्रमाण घर मिळालेल्या गटात 62 टक्के, तर नेहमीच्या सेवांच्या गटात 31 टक्के होते. व्यसन मात्र दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच कमी झाले. घराला रामबाण म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. ज्यांच्यावरचा सरकारी खर्च सर्वाधिक होता, अशा 10 टक्के लोकांबाबत घरावरच्या दर 10 डॉलरमागे रुग्णालये, कोठड्या इत्यादींचे सरासरी 21.72 डॉलर वाचले.

आपल्याकडे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष होता दर लाख लोकसंख्येमागे 100 जणांचा निवारा, माणशी 50 चौरस फूट जागा. 2011 च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या 18 लाखांवर होती, तेव्हा किमान 1800 जणांची सोय या हिशेबाने हवी. पावसाळ्यात असा निवारा जीव वाचवतो. पण आतून कडी लावता येईल असे दार सामायिक दालनाला नसते. चेन्नईच्या ‘द बनियन’ संस्थेने म्हणूनच दीर्घकाळ मनोरुग्णालयात राहिलेल्या स्त्रियांसाठी साध्या वस्तीत भाड्याची घरे घेतली, एका घरात चार-पाच जणी. फिनलंडमध्ये 1985 पासून एक प्रतिष्ठान सुट्या सदनिका विकत घेऊन बेघरांना भाड्याने देत आले आहे.

ठाण्यात वागळे इस्टेट किंवा कळव्यात खोली शोधणाऱ्याकडे घरमालक डिपॉझिट, आधार कार्ड आणि ओळखीचा माणूस मागतो. पुलाखालून आलेल्या माणसाकडे यांतले बहुधा एकही नसते; त्याच्या वतीने भाडेकरारावर महापालिका किंवा एखादी संस्था सही करू शकते.