डोक्यावरचा नायटा मलमाने का जात नाही?

मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा पडला की घरात निदान ठरलेलं: चाई! मग लसूण घासा, कुणी तर बिब्बाही लावतं आणि कातडी भाजून बसते. पण चाईचा चट्टा गुळगुळीत असतो. पापुद्रे सुटत असतील, खाज असेल, केस मुळाशी तुटून काळे ठिपके उरले असतील, तर तो बहुधा नायटा, म्हणजे बुरशी.

खात्री करणं सोपं आहे. तुटका केस चिमट्याने उपटून काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवतात. केसातलं केराटिन हे प्रथिन विरघळू लागतं, बुरशीच्या पेशीची चिवट कायटिनयुक्त भिंत मात्र टिकते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू दिसतात. वुडच्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील प्रकाशात, मांजर-कुत्र्याकडून येणारी मायक्रोस्पोरम कॅनिस ही बुरशी हिरवी चमकते. भारतात वारंवार सापडणारी ट्रायकोफायटन व्हायोलेशियम चमकत नाही; तेव्हा दिवा 'काही नाही' म्हणाला तरी निर्धास्त राहू नये.

खरी गंमत केसाच्या आत आहे. केस मुळाशी जिवंत पेशींपासून घडतो; किंचित वर सरकल्यावर त्या पेशी केराटिनने भरून मरतात. ही बुरशी फक्त मेलेलं केराटिन खाते. म्हणून ती केसातून खाली उतरते ती नेमकी या सीमेपर्यंत, आणि थांबते. या काठाला 'अ‍ॅडमसनची झालर' म्हणतात. केस दिवसाला साधारण एक तृतीयांश मिलिमीटर वर सरकतो. बुरशीही तेवढीच खाली वाढते, म्हणून ती जागच्या जागी तग धरते. तिथवर मलम पोचतच नाही.

ग्रिसिओफुल्विन मात्र खालून येतं. 1939 मध्ये पेनिसिलियम वर्गातल्याच एका बुरशीतून सापडलेलं हे औषध रक्तातून केस घडवणाऱ्या पेशींत शिरतं. नवा केस औषध घेऊनच जन्मतो. पेशीविभाजनाला लागणाऱ्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटून ते बुरशीचं पेशीविभाजन अडवतं. झालर केसाबरोबर वर ढकलली जाते. केसाच्या वाढीला वेळ लागतो म्हणूनच गोळ्या सहा-आठ आठवडे, कधी जास्तच, आणि स्निग्ध जेवणानंतर. ट्रायकोफायटनवर टर्बिनाफिन कमी दिवसांत काम करतं. ही औषधं नव्हती तेव्हा क्ष-किरणांनी मुलांचे केस गाळत. इस्रायलमध्ये अशा मुलांत पुढे मेंदूच्या गाठी जास्त आढळल्या.

कीटोकोनॅझोल शाम्पूने बीजाणू कमी पसरतात, पण एकट्या शाम्पूने नायटा बरा होत नाही. आणि मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब? तिने खाज थांबते, बुरशी माजते. कधीकधी चट्टा सुजून पू येतो. गळू समजून तो चिरायला धावू नये. पोटातली औषधं लवकर सुरू झाली नाहीत, तर तिथे वण राहतो आणि केस पुन्हा उगवत नाहीत.